व्याह्यांचे सुळे

माणसाला मत्सर कशाकशाचा वाटावा याला काही धरबंध नाही. कुणाला शेजाऱ्याच्या गाडीचा वाटतो, कुणाला मित्राच्या दाट केसांचा. दातवाल्यांना आपल्या व्याह्यांचा वाटत होता, आणि तोही व्हॅम्पायरच्या सिनेमांवरून. वय वर्षं त्रेसष्ट, घरात नातवंडांची वाट बघणारी बायको, आणि हा माणूस रविवार आला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

दातवाले म्हणजे कवळ्या बनवणारे. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर पेशंटच्या तोंडात बघतात, माप घेतात आणि ते माप दातवाल्यांकडे धाडतात. दातवाले त्यावरून प्लास्टरचा साचा ओततात, मेणात एकेक दात बसवतात, आणि आठवडाभराने एखाद्या बोळक्या म्हातारीला पुन्हा सफरचंद खाता येतं. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल होतं आणि भिंतीभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले होते. प्रत्येकाखाली नंबर. मुलगी लहान असताना त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. तिला वाटायचं, जबडे रात्री बोलतात.

तिची भीती घालवायला दातवाल्यांनी जो उपाय केला तो त्यांच्याच डोक्यातून निघू शकतो. मुलगी नऊ वर्षांची असताना एका रविवारी दुपारी त्यांनी पडदे ओढले, तिला शेजारी बसवलं आणि व्हॅम्पायरचा एक जुनापुराणा सिनेमा लावला. बायको म्हणाली, "अहो, डोकं फिरलंय का? पोर आधीच घाबरट." पण पडद्यावर त्या व्हॅम्पायरने ओठ उचलून सुळे दाखवले तेव्हा दातवाले म्हणाले, "हे बघ, हे दात माझ्यासारख्याच कुणीतरी टेबलावर बसून केलेत. आणि वाईट केलेत. बघ, त्याला तोंड मिटता येत नाहीये." पोरगी टक लावून बघत राहिली आणि मग खुदकन हसली. झालं. त्या दिवसापासून अठरा वर्षं रविवारची दुपार बापलेकीची.

दातवाल्यांचं सगळं रसग्रहण दातांतून चालायचं. कथा गेली उडत. सुळे सुळ्यांच्या जागी आहेत का, की उगाच पटाशीच्या दातांना टोकं काढलीत? व्हॅम्पायर बोलताना 'श' स्वच्छ येतो का? येत असेल तर दात फक्त चावण्यापुरते लावलेत, दोन मार्क कमी. आणि सगळ्यात आवडता आक्षेप, जो त्यांनी किमान शंभर वेळा घेतला असेल: "एवढे लांब सुळे खरंच असते ना, तर याचा खालचा ओठ दोन्ही बाजूंनी रोज फाटला असता. दुसऱ्याचं रक्त प्यायची गरजच नव्हती." मुलगी हे वाक्य त्यांच्याबरोबर म्हणायची.

मागच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर दोघांच्या आवडीचे दहा सिनेमे, क्रमाने. सिनेमांची खरी नावं दोघांच्याही लक्षात राहायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. दीपगृहाचा. दाढदुखीचा. जुळ्या नर्सांचा. पहिल्या नंबरावर शिंप्याचा. त्यात व्हॅम्पायर शिंपी असतो आणि गिऱ्हाइकांची मापं घेता घेता शेवटी हळूच म्हणतो, "मानेचं माप राहिलं, साहेब." दातवाले हे वाक्य इतकं झकास म्हणायचे की मुलगी उशीत तोंड खुपसायची. यादीत बदल करायचा तर वर्षातून एकदाच, वर्षाच्या शेवटच्या रविवारी, आणि दोघांच्या संमतीने. शिंप्याला पहिल्या नंबरावरून हलवायचा विचारही कधी कुणाच्या मनात आला नव्हता.

मग मुलीचं लग्न झालं. ते होणारच होतं, दातवाल्यांची त्याला हरकत नव्हती. जावई चांगला होता, गावातच होता, बसने चाळीस मिनिटं. मुलगी दर रविवारी यायची. पण वर्षभरात तिची सासू वारली, घरात सासरे एकटे पडले, जावई कामासाठी निम्मा महिना बाहेरगावी. मुलगी एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे करू लागली. इथवरही ठीक होतं. दातवाले इतरांना सांगायचे, "सासऱ्यांचं बघते हो, गुणाची आहे."

सासऱ्यांना ती पप्पा म्हणायची. एका रविवारी तिने सहज सांगितलं, "मागच्या आठवड्यात पप्पांना दीपगृहाचा दाखवला. काय आवडला त्यांना!"

दातवाल्यांच्या छातीत काहीतरी बारीकसं टोचलं. "आपला दीपगृहाचा?"

"आपला कसला बाबा, सिनेमा आहे तो. कुणीही बघू शकतं."

कुणीही बघू शकतं! दातवाल्यांनी ते वाक्य महिनाभर चघळलं.

व्याही रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचे. छत्तीस वर्षं. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. भरदार, खोल, गाडी दोन तास उशिरा आहे हे ऐकतानाही माणसाला बरं वाटावं असा. दातवाल्यांचा आवाज मुळातच किरटा. लग्नाच्या बोलणीतच त्यांना ते खुपलं होतं, पण तेव्हा त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. आता मात्र मुलगी आली की व्याह्यांच्या आवाजाचं कौतुक ऐकावं लागायचं. पप्पा व्हॅम्पायरचे संवाद असे म्हणतात, पप्पांनी काल भीतीच घातली. दातवाले मनातल्या मनात वजाबाकी करायचे. त्यांना ती 'पप्पा, तुम्ही' म्हणते. मला 'बाबा, तू' म्हणते. म्हणजे अजून मीच जवळचा. हा हिशोब ते आठवड्यातून दोनदा तरी करायचे आणि दोन्ही वेळा उत्तर तेच येऊनही समाधान व्हायचं नाही.

"तुमच्या पोटात दुखतंय," बायको सरळच म्हणाली.

"माझ्या? कशाला? एकटा म्हातारा आहे बिचारा."

"तो तुमच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे. आणि 'बिचारा' म्हणताना तुमचे दात दिसतात."

वर्षाचा शेवटचा रविवार आला. दातवाल्यांनी कपाट उघडून ठेवलं, पेन्सिलीला टोक काढून ठेवलं. मुलगी आली, कागदाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, या वर्षी पहिला नंबर बदलायचा का? मी पाहुण्याचा म्हणेन."

"हा कुठला?"

"तू नाही बघितलेला. पप्पांनी शोधून काढला. एक म्हातारी असते, एकटी. रोज संध्याकाळी दारावर एक पाहुणा येतो आणि बाहेरच थांबतो, कारण बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. ती त्याला रोज आत बोलावते. तो बसतो, घड्याळाला चावी देतो, जुन्या गोष्टी सांगतो आणि उजाडायच्या आत जातो. बस."

"चावतो कधी?"

"नाही चावत."

"सुळे कसे केलेत?"

"सुळे दाखवतच नाहीत, बाबा. शेवटपर्यंत तोंड उघडून हसत नाही तो."

दातवाले खुर्चीत बसले. व्हॅम्पायरचा सिनेमा, आणि त्यात दात नाहीत! जिथे त्यांना बोलायला एक अक्षर नाही असा सिनेमा त्या माणसाने जगातून नेमका हुडकून काढला होता आणि त्यांच्या लेकीच्या पहिल्या नंबरावर नेऊन बसवला होता. "कर तुला हवं तसं," ते म्हणाले. मुलीने त्यांच्याकडे बघितलं, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "राहू दे. पुढच्या वर्षी बघू." शिंपी जागेवर राहिला. पण भीक घातल्यासारखा राहिलेला पहिला नंबर काय कामाचा? दातवाले रात्री जेवले नाहीत.

पंधरा दिवसांनी व्याह्यांची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. मुलीचा फोन आला, "बाबा, पप्पांची नवी कवळी तूच कर हं. दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाही असं मी डॉक्टरांना सांगितलंय." आणि दातवाल्यांनी, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं, काम जीव ओतून केलं. दात निवडताना व्याह्यांच्या लग्नातल्या फोटोवर भिंग धरून बसले. मेणावरची कवळी डॉक्टरांनी व्याह्यांच्या तोंडात घालून बघितली आणि चिठ्ठी पाठवली: उत्तम, बदल नको. आता फक्त मेणाच्या जागी पक्कं गुलाबी प्लास्टिक भरायचं उरलं होतं.

त्या दुपारी मुलीने फोन केला. कवळी कधी मिळेल, एवढंच विचारायचं होतं. पण बोलता बोलता मागून व्याह्यांचा आवाज आला. जुन्या कवळीचा अर्धा तुकडा तोंडात धरूनही तो आवाज घुमला, "मानेचं माप राहिलं, साहेब!" आणि मुलगी हसली. इतकी हसली की तिला बोलता येईना. फोन तसाच चालू राहिला आणि दातवाले आपल्याच वाक्यावर आपल्याच मुलीचं हसणं दुसऱ्याच्या घरातून ऐकत उभे राहिले.

फोन ठेवून ते टेबलाशी गेले. मेणाची कवळी समोर होती. त्यांनी चाकूचं टोक गरम केलं, वरचे दोन्ही सुळे मेणातून सैल केले आणि दीड मिलिमीटर खाली ओढले. मग टोकांवरून बारीक चाक फिरवून त्यांना जराशी धार आणली. बघणाऱ्याला पत्ता लागू नये एवढीच. सदतीस वर्षांत त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. कान तापले होते आणि खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं.

कवळी गेली. पुढच्या रविवारी मुलगी आली नाही. पाळी सासरची होती. त्याच्या पुढच्या रविवारीही आली नाही; काम निघालं म्हणाली. मग तिसऱ्या, मग चौथ्याही. फोनवर ती नीट बोलायची, पण मोजकं. दातवाल्यांचं बरं वाटणं पहिल्याच आठवड्यात संपलं होतं. त्यांना रोज वाटायचं, डॉक्टरांकडून कवळी परत येईल, सुळे लागतात म्हणून तक्रार येईल, आपण घासून देऊ आणि विषय मिटेल. तक्रार काही आली नाही.

पाचव्या आठवड्यात तिचा फोन आला. "बाबा, रविवारी दुपारी तू इकडे ये. एकटाच. आणि घासायचं मशीन घेऊन ये."

व्याह्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार व्याह्यांनीच उघडलं. "या या, व्याहीबुवा," ते म्हणाले, आणि बोलताना तोंडावर हात धरला. तो आवाज होता, पण त्यातला 'व्य' कुठेतरी अडखळत होता. हात खाली आला तेव्हा दातवाल्यांना खालचा ओठ दिसला. दोन्ही बाजूंना, एकसारख्या अंतरावर, दोन खपल्या. टेबलावर दुधाची बशी होती आणि त्यात कडा काढलेला पाव भिजत घातला होता.

मुलीने त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"प्लास्टिक कधीकधी आकसतं," ती काही बोलायच्या आत दातवाले म्हणाले.

"दोन्ही बाजूंना सारखं?"

दातवाले मशीनची वायर गुंडाळायला लागले.

"खालचा ओठ, बाबा. दोन्ही बाजूंनी. मला हे नवव्या वर्षापासून पाठ आहे. तूच पाठ करून घेतलंस. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला पहिल्या दिवशी कळलं." तिचा आवाज बारीक झाला होता. "डॉक्टर म्हणाले होते, मी घासून देतो. पप्पा नको म्हणाले. म्हणाले, सूनबाईच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने केलंय, त्यांच्या कामाला दुसऱ्याचा हात लागला तर त्यांना वाईट वाटेल. म्हणाले, होईल सवय. महिना झाला तो माणूस पाव भिजवून खातोय, तुला वाईट वाटू नये म्हणून."

दातवाल्यांनी लोटलेल्या दाराकडे बघितलं. "तू त्यांना सांगितलंस?"

"नाही. तू सांगणार आहेस."

"आणि समजा, मी नुसतेच घासून दिले तर?"

"तर मी तुझ्याकडे येऊन काय करू, बाबा? शेजारी बसून कुणाचे दात बघू?"

तिने पिशवी उचलली, "तासाभरात येते," म्हणाली आणि बाहेर पडली. जिना उतरताना तिने मागे वळून बघितलं नाही.

दातवाले बाहेरच्या खोलीत येऊन व्याह्यांच्या समोर बसले. मशीन जोडलं. "काढा बघू," ते म्हणाले. व्याह्यांनी कवळी काढून रुमालावर ठेवली आणि त्याबरोबर त्यांचा सगळा रुबाब गेला. गाल आत, हनुवटी वर, आणि छत्तीस वर्षं स्टेशन हलवणारा आवाज फुसका झाला. हेच तर हवं होतं दातवाल्यांना महिन्याभरापूर्वी. आता समोर आलं तर बघवेना.

"मी हे मुद्दाम केलं," ते एकदम म्हणाले. "सुळे मी लांब केले. चूक नाही झाली. मुद्दाम."

व्याही खुर्चीत पुढे सरकले. "का हो?"

"ती तुमच्याबरोबर सिनेमे बघते. तुम्ही तिला हसवता. माझ्या वाक्यावर हसवता. आणि वर तो बिनदातांचा सिनेमा काढलात, माझा पहिला नंबर घालवायला. मला सहन झालं नाही. माझी जळजळ होते, झालं?" आपला किरटा आवाज आणखी वर चढलाय हे त्यांना कळत होतं, पण थांबता येईना. "तुम्हाला आता जे बोलायचं ते बोला. घरातून जा म्हणा. पण तिला माझ्याकडे येऊ द्या."

व्याह्यांच्या बोळक्या तोंडातून आधी एक हवेचा आवाज आला. दातवाल्यांना वाटलं, रडतात की काय. ते हसत होते. मग हसू थांबलं आणि त्यांनी ओठावरच्या खपलीला बोट लावलं.

"व्याहीबुवा, तीन वर्षं मी तुम्हाला ऐकतोय," ते म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द मऊ होऊन येत होते आणि दातवाल्यांना पुढे वाकून ऐकावं लागत होतं. "सिनेमा कुठलाही लावा. व्हॅम्पायरने तोंड उघडलं की ही म्हणते, बाबा म्हणतो असं, बाबा म्हणतो तसं. बाबा याला दोन मार्क कमी देईल. ते शिंप्याचं वाक्य मी एवढं घोटून म्हणून दाखवलं, तर पोटभर हसली आणि म्हणाली, पप्पा, हे बाबाकडून ऐकायला पाहिजे तुम्ही. माझी बायको गेली, मुलगा सदा बाहेर. रविवारची एक दुपार काय ती माझी. तीसुद्धा तुम्ही मला एकट्याला कधी मिळू दिली नाहीत."

दातवाल्यांचा हात मशीनवर तसाच राहिला.

"म्हणून मी तो पाहुण्याचा सिनेमा शोधला. चार महिने शोधत होतो. म्हटलं, ज्यात दातच दिसत नाहीत असा एक तरी असेल की नाही? निदान दोन तास तरी तुमचं नाव निघणार नाही."

"मग? नाही ना निघालं?"

व्याह्यांनी मान खाली घातली. "सिनेमा संपला. पडदे सारले. मी म्हटलं, कसा वाटला? तर म्हणते, बाबा असता तर म्हणाला असता, हा पाहुणा हसत नाही कारण याचे सुळे किडलेत, लाजतोय बिचारा. आणि एवढं बोलून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, हा बाबाला दाखवायला पाहिजे. पहिल्या नंबरावर टाकते, म्हणजे त्याला बघावाच लागेल."

दातवाल्यांना लाज वाटायला हवी होती आणि ती वाटतही होती, कानापर्यंत. पण लाजेच्या खाली, पार तळाशी, त्यांना इतका आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्यांनी घाईघाईने कवळी उचलली आणि उजेडाकडे धरली. समोरच्या माणसाच्या ओठावर आपल्या हातच्या दोन जखमा आहेत, तो आपल्याला त्याचं दुखणं सांगतोय, आणि आपल्याला ते गोड लागतंय. वाईट होतं हे. पण होतं.

"खरंच असं म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"म्हणाली हो."

"नेमकं काय म्हणाली? किडलेत म्हणाली, की काळे पडलेत?"

"किडलेत." व्याह्यांचा चेहरा आंबट झाला होता. "द्या आता घासून. भूक लागलीय."

"देतो, देतो." दातवाल्यांनी मशीन चालू केलं, सुळ्याच्या टोकावर चाक जेमतेम टेकवलं आणि लगेच बंद केलं. "आणि त्याच्या आधी? त्या दीपगृहाच्या वेळी काही म्हणाली होती का माझ्याबद्दल?"

व्याह्यांनी रुमालाकडे बघितलं, दातवाल्यांच्या मुठीतल्या आपल्या दातांकडे बघितलं, आणि सुस्कारा सोडून सांगायला लागले. पाच मिनिटांचं काम होतं. दातवाल्यांनी त्याला पाऊण तास लावला.